भोर घाट रेल्वेचे कंत्राट आणि शासकीय देखरेख (१८५५ ते १८६८) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतातील रेल्वेच्या इतिहासात १६ एप्रिल १८५३ या दिवसाला जे स्थान मिळाले, ते २१ एप्रिल १८६३ या दिवसाला मिळाले नाही. पहिल्या दिवशी बोरीबंदर ते ठाणे अशी गाडी धावली. दुसऱ्या दिवशी भोर घाटातील चढणीचा मार्ग खुला होऊन मुंबई आणि दख्खनचे पठार लोहमार्गाने जोडले गेले. भोर घाटाच्या या कामाचे वर्णन बहुधा अभियांत्रिकीचा पराक्रम म्हणून केले जाते. ते यथार्थ असले तरी अपुरे आहे. हे काम एका खासगी कंपनीचे, कंत्राटदारामार्फत चाललेले आणि शासनाच्या देखरेखीखालील काम होते. त्यामुळे कंत्राटी कामावर शासनाने देखरेख ठेवायची म्हणजे नेमके कशावर ठेवायची, हा प्रश्न येथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर उभा राहिला. प्रस्तुत लेखात या प्रश्नाच्या अनुषंगाने भोर घाटाच्या कंत्राटाचा विचार केला आहे.

हमी पद्धती आणि देखरेखीची रचना

१७ ऑगस्ट १८४९ रोजी ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनी आणि ईस्ट इंडिया कंपनी यांच्यात करार झाला. या करारान्वये रेल्वे कंपनीच्या भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी देण्यात आली आणि मार्गासाठी लागणारी जमीन विनामूल्य पुरविण्याचे मान्य करण्यात आले. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी तिजोरीतून भरून निघणार होती. अर्थात भांडवल खासगी आणि जोखीम सार्वजनिक, अशी ही व्यवस्था होती.

जोखीम स्वीकारल्यावर नियंत्रणाचा अधिकार ओघानेच आला. लंडनमधील संचालक मंडळावर सरकारचा प्रतिनिधी बसे व त्याला नकाराधिकार होता. हिंदुस्थानात प्रांतिक सरकारचा सल्लागार अभियंता हा देखरेखीचा मुख्य दुवा होता. हे पद सामान्यतः लष्करी अभियंत्याकडे असे. मार्गाची आखणी, नकाशे, अंदाजपत्रके व खर्चाचे प्रस्ताव त्याच्या नजरेखालून जात, आणि तयार मार्ग वाहतुकीस खुला करण्यापूर्वी त्याची तपासणी होई.

प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी मात्र या रचनेला अनेक पायऱ्या होत्या. वर सरकार, त्याखाली कंपनी, कंपनीचा मुख्य अभियंता, मग मुख्य कंत्राटदार, त्याचे उपकंत्राटदार, मुकादम आणि सर्वांत शेवटी मजुरांची टोळी. सरकारी देखरेख वरून खाली येताना मुख्य कंत्राटदारापाशी थांबत असे. त्याच्यापुढील व्यवहार हा त्याचा खासगी कारभार मानला जाई.

फॅविएल यांचे कंत्राट

मुंबई ते ठाणे मार्गाचे पहिले कंत्राट फॅविएल आणि फाउलर यांनी पूर्ण केले होते. त्या अनुभवाच्या आधारे १८५५ मध्ये भोर घाटाच्या कामासाठी विल्यम फॅविएल यांची निविदा स्वीकारण्यात आली आणि जानेवारी १८५६ मध्ये कामास प्रारंभ झाला. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांनी आखलेला हा मार्ग १५ मैलांहून थोडा अधिक लांबीचा असून त्यात १८३१ फुटांची चढण होती. २५ बोगदे आणि ८ मोठे कमानी पूल बांधावयाचे होते. सर्वाधिक तीव्र चढ ३७ फुटांस १ फूट इतका होता. पावसाळ्यात बरीचशी कामे बंद पडत, आणि कोरड्या हंगामात हजारो मजूर डोंगरावर पुन्हा गोळा करावे लागत.

जून १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. खाली कोकणात आणि वर पठारावर आगगाडी धावू लागली, परंतु मधला घाट प्रवाशांना रस्त्यानेच ओलांडावा लागे. दोन्ही टोकांस गाडी पोहोचल्यामुळे मधल्या अपुऱ्या कामाकडे सर्वांचे लक्ष वेधले गेले. कंपनी, सरकार आणि मुंबईचे व्यापारी या तिघांनाही हे काम लवकर व्हावयास हवे होते.

या घाईचा भार सर्वांत खालच्या पायरीवर पडला. कंत्राटदारास पैसे मोजलेल्या कामावर मिळत. तो ते उपकंत्राटदारास देई, उपकंत्राटदार मुकादमास आणि मुकादम टोळीस. प्रत्येक पायरीवर पैसा थांबू शकत होता व कमीही होऊ शकत होता. शेवटच्या माणसाच्या हाती काय पडले, याची नोंद ठेवण्याची जबाबदारी कंपनीच्या अभियंत्याकडे नव्हती, तशीच ती सरकारच्या सल्लागार अभियंत्याकडेही नव्हती.

जानेवारी १८५९ चा उद्रेक

जानेवारी १८५९ मध्ये थकलेल्या मजुरीवरून घाटातील मजुरांचा असंतोष उफाळून आला आणि त्यांनी कामावरील युरोपीय पर्यवेक्षकांवर हल्ला केला. १८५७ चा उठाव नुकताच शमला असल्याने सरकारने या घटनेची गंभीर दखल घेऊन चौकशी केली. चौकशीत पुढे आले ते राजद्रोहाचे कारस्थान नव्हते. मजुरीचे अनियमित वाटप आणि उपकंत्राटदारांच्या पातळीवरील गैरव्यवहार हे असंतोषाचे मूळ असल्याचे दिसून आले. मार्च १८५९ मध्ये फॅविएल यांनी कंत्राट सोडले आणि काही काळ कंपनीच्या अभियंत्यांनी काम चालविले.

येथे एक बाब लक्षणीय आहे. नकाशे, अंदाजपत्रके आणि खर्चाची मंजुरी या सर्व बाबतींत शासकीय यंत्रणा तीन वर्षे कार्यरत होती. असे असूनही मजुरीची थकबाकी तिला दंगल झाल्यानंतरच कळली. यात अधिकाऱ्यांच्या आळसाचा प्रश्न नव्हता. त्यांच्याकडे येणाऱ्या कागदांत मजुरीसाठी रकानाच नव्हता.

ट्रेडवेल कंत्राट आणि कामाची पूर्तता

१८५९ मध्येच उर्वरित कामाचे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल यांना देण्यात आले. हिंदुस्थानात पोहोचल्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांचे निधन झाले. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट परत न करता पुढे चालविले आणि अ‍ॅडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकडे प्रत्यक्ष व्यवस्थापन सोपविले. पटकीच्या साथींनी मजुरांचे बळी घेतले, तरीही काम वाढतच गेले. जानेवारी १८६१ मध्ये घाटात सुमारे ४२,००० मजूर काम करीत होते. बर्कली यांचे १८६२ मध्ये निधन झाले. पूर्ण झालेला मार्ग त्यांना पाहता आला नाही. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले.

१८६० चा कायदा

रेल्वे बांधकामावरील अशा तंट्यांच्या पार्श्वभूमीवर १८६० चा ९ वा कायदा संमत झाला. रेल्वे, कालवे व अन्य सार्वजनिक कामांवरील मजूर आणि त्यांचे मालक यांच्यातील मजुरीविषयक तंटे जलद निकालात काढण्याचा अधिकार या कायद्याने दंडाधिकाऱ्यास दिला. मजुरीचा तंटा हा सार्वजनिक प्रशासनाचा विषय आहे, हे यामुळे प्रथमच मान्य झाले. मात्र हा कायदा दुधारी होता. काम अर्धवट सोडणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याची तरतूदही त्यात होती. शिवाय मजुराला न्याय मिळावयाचा तो तक्रार केल्यानंतर. लिहिता-वाचता न येणाऱ्या, परगावाहून आलेल्या आणि मुकादमाच्या उचलीत अडकलेल्या मजुराने दंडाधिकाऱ्याकडे जावे, ही अपेक्षा कितपत व्यवहार्य होती, हा प्रश्न उरतोच. देखरेखीची मूळ रचना तशीच राहिली. हा कायदा पुढे १९३२ मध्ये रद्द करण्यात आला.

पूल कोसळल्यानंतर

जुलै १८६७ मध्ये घाटातील उंच दगडी पुलांपैकी एक, इंग्रजी नोंदींत ‘म्हाऊ-की-मल्ली’ या नावाने येणारा कमानी पूल, कोसळला. मार्ग खुला होऊन त्या वेळी जेमतेम चार वर्षे झाली होती. त्यानंतरच्या तपासणीत कंपनीच्या मार्गावरील अनेक दगडी बांधकामे सदोष आढळली आणि ती दुरुस्त करण्याचे वा नव्याने बांधण्याचे काम हाती घ्यावे लागले.

मजुरीचा तंटा आणि पुलाची पडझड या दोन घटना वरकरणी भिन्न वाटतात. देखरेखीच्या दृष्टीने मात्र त्यांचे स्वरूप एकच आहे. भिंतीची लांबी, रुंदी व उंची मोजता येते. दर्शनी दगडांच्या आड कसला भराव आहे आणि चुना कसा मळला आहे, हे काम चालू असताना तेथे उभे राहिल्याशिवाय कळत नाही. त्याचप्रमाणे कंत्राटदारास दिलेली रक्कम मोजता येते. ती टोळीपर्यंत पोहोचली की नाही, हे वाटपाच्या जागी असल्याशिवाय कळत नाही. तपासणी मोजमापाची झाली, प्रक्रियेची झाली नाही.

खर्चाची बाजूही विचारात घेण्यासारखी आहे. पुनर्बांधणीचा खर्च भांडवलात धरला तर त्यावर हमीचे व्याज लागू होई. उत्पन्नातून केला तर तूट वाढून ती सरकारला भरावी लागे. कोणत्याही मार्गाने हा भार अखेरीस महसूल भरणाऱ्या रयतेवरच येत होता. हमी पद्धतीवरील अशा आक्षेपांमुळेच १८६९ च्या सुमारास सरकारने स्वतः रेल्वे बांधण्याचे धोरण स्वीकारले.

निष्कर्ष

१. भोर घाटाच्या कंत्राटावर शासकीय देखरेख नव्हती, असे म्हणता येत नाही. देखरेख होती आणि ती तपशीलवारही होती. परंतु तिचे लक्ष्य तिजोरीचे संरक्षण हे होते.

२. मुख्य कंत्राटदारापुढील व्यवहार खासगी मानल्यामुळे मजुरी आणि कामाचा आंतरिक दर्जा या दोन्ही गोष्टी देखरेखीच्या बाहेर राहिल्या. याची किंमत अखेर तिजोरीलाही मोजावी लागली.

३. १८६० च्या कायद्याने तंटा सोडविण्याची सोय केली, तंटा उद्भवू नये याची केली नाही. ती सोय प्रत्यक्षात येण्यास शतकाहून अधिक काळ लागला. १९७० च्या कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियमाच्या २१ व्या कलमाने मजुरीवाटपाच्या वेळी मुख्य मालकाच्या प्रतिनिधीने हजर राहून वाटप प्रमाणित करावे, आणि कंत्राटदाराने मजुरी न दिल्यास मुख्य मालकाने ती द्यावी, असे बंधन घातले. मुख्य मालकाची ही अंतिम जबाबदारी २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थितीविषयक संहितेतही ठेवण्यात आली.

खंडाळ्याच्या घाटात १८५९ मध्ये जो प्रतिनिधी हजर नव्हता, त्यालाच १९७० च्या कायद्याने वाटपाच्या जागी उभे केले. कंत्राटावरील देखरेखीचा इतिहास हा या दोन वर्षांमधील अंतराचा इतिहास आहे. कायद्यात प्रतिनिधीची जागा निश्चित झाली, तरी त्या जागी तो प्रत्यक्ष उभा राहतो की कोऱ्या नोंदवहीवर आधीच सही करून मोकळा होतो, यावरच देखरेखीचे खरे मूल्य ठरते.