उशाला तीन उशा

आपल्याकडे 'त्याचं हार्ट फेल झालं' म्हटलं की माणूस गेला असंच समजायचं. त्यामुळे दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी माझ्या वडिलांचे, म्हणजे अण्णांचे रिपोर्ट बघून 'हार्ट फेल्युअर' हे शब्द उच्चारले, तेव्हा आईने दचकून आधी अण्णांकडे बघितलं. ते शेजारच्याच खुर्चीत बसले होते आणि चहा कुठे मिळेल ते विचारत होते :)

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा फरक पटकन कळतो. सर्व्हर बंद पडणं वेगळं आणि सर्व्हर चालू असून कामाला पुरा न पडणं वेगळं. हार्ट फेल्युअर म्हणजे हे दुसरं. हृदय चालू असतं, पण शरीराला लागतं तेवढं रक्त त्याच्याकडून पुढे ढकललं जात नाही. मग मागे तुंबतं. डावी बाजू कमी पडली की दाब फुफ्फुसात वाढतो, तिथे पाणी झिरपतं आणि धाप लागते. आडवं झालं की पायातलं रक्त छातीकडे येतं, म्हणून झोपल्यावर त्रास वाढतो आणि उठून बसलं की बरं वाटतं. उजवी बाजू कमी पडली की पाय सुजतात. त्यात मूत्रपिंडाला वाटतं रक्तच कमी आहे, म्हणून ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. म्हणजे आणखी भर! गंमत अशी की बिघाड हृदयात, आणि तक्रारी मात्र खोकला, झोप, पाय आणि थकवा यांच्या.

ह्या निमित्ताने वाचत सुटलो आणि अडकलो तो थेट १९४४ सालच्या वॉशिंग्टनमध्ये.

फ्रँकलिन रूझवेल्ट तेव्हा अमेरिकेचे अध्यक्ष होते आणि दुसरं महायुद्ध ऐन भरात होतं. १९४३ च्या अखेरीस तेहरानला चर्चिल आणि स्टालिन यांना भेटून ते परत आले आणि आजारी पडले. फ्लू झाला असं म्हणाले. फ्लू गेला, पण खोकला जाईना. थकवा इतका की काम करताकरता डुलकी लागायची. त्यांचे खाजगी डॉक्टर होते नौदलातले रॉस मॅकिंटायर, नाक-कान-घशाचे तज्ज्ञ. त्यांना हे सगळं फ्लू आणि ब्राँकायटिसचं वाटत होतं. शिवाय रूझवेल्टना १९२१ पासून पोलिओमुळे चालता येत नव्हतं. जो माणूस जिनेच चढत नाही, त्याला जिना चढताना धाप लागते हे कळणार कसं?

शेवटी त्यांची मुलगी अ‍ॅना हट्टाला पेटली आणि मार्च १९४४ च्या अखेरीस त्यांना बेथेस्डाच्या नौदल इस्पितळात नेलं. तिथे हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञाने त्यांना तपासलं. ओठ आणि नखं निळसर. जराशा हालचालीने धाप. फुफ्फुसांच्या तळाशी ओलसर आवाज. हृदयाचा आकार वाढलेला. रक्तदाब १८६/१०८. आणि रक्तदाब काही आदल्या रात्री वाढला नव्हता, १९४१ मध्येच १८८/१०५ अशी नोंद होती! ब्रुएननी निदान लिहिलं: उच्च रक्तदाब, त्यामुळे झालेला हृदयविकार आणि हार्ट फेल्युअर. ब्राँकायटिसही होता, पण तो यादीतला एक आजार. सगळं त्याच्यावर ढकलण्यासारखं नव्हतं.

उपाय काय होते? विश्रांती, मीठ कमी, सिगरेटी कमी, पलंगाची उशाकडची बाजू उंच आणि डिजिटॅलिस. हे औषध फॉक्सग्लोव्ह नावाच्या फुलझाडाच्या पानांपासून काढतात. बर्मिंगहॅमचे डॉक्टर विल्यम विदरिंग यांनी १७८५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला दिलेलं मुख्य औषध दीडशेहून जास्त वर्षं जुनं होतं. मॅकिंटायर आधी तयार नव्हते. इतर बड्या डॉक्टरांना बोलावून चर्चा झाली, मग औषध सुरू झालं. दोन आठवड्यांत खोकला थांबला, फुफ्फुसं स्वच्छ झाली, झोप लागायला लागली.

पण रक्तदाब उतरवेल असं धड औषधच तेव्हा नव्हतं. लोकांना सांगण्यात आलं की अध्यक्षांची तब्येत वयाच्या मानाने छान आहे. नोव्हेंबरमध्ये ते चौथ्यांदा निवडून आले, फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला जाऊन आले आणि १२ एप्रिल १९४५ ला मेंदूतल्या रक्तस्रावाने गेले. ही सगळी हकीकत ब्रुएननी छापली ती १९७० मध्ये. त्यात मला सगळ्यात जास्त टोचलेली गोष्ट म्हणजे, रूझवेल्टनी आपल्याला काय झालंय आणि गोळ्या कसल्या आहेत हे त्यांना कधीच विचारलं नाही.

पुढे १९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅम गावात ५,२०९ माणसांच्या हृदयाचा अभ्यास सुरू झाला. त्यातून १९७१ मध्ये हार्ट फेल्युअर ओळखण्याचे निकष आले. प्रोग्रामरला आवडतील असे आहेत. काही निकष मोठे: रात्री घुसमटून जाग येणं, मानेच्या शिरा फुगणं, फुफ्फुसात ओलसर आवाज, हृदय मोठं होणं वगैरे. काही छोटे: दोन्ही घोट्यांना सूज, रात्रीचा खोकला, चालताना धाप वगैरे. दोन मोठे किंवा एक मोठा आणि दोन छोटे जुळले की निदान. मात्र छोटे निकष दुसऱ्या आजारामुळे नसतील तरच धरायचे. रूझवेल्टच्या बाबतीत मोठे दोन तर पहिल्याच तपासणीत मिळाले होते.

हे वाचलं आणि मी तिथेच थांबलो. कारण मी पुण्यात, आई-अण्णा सांगलीत. दर रविवारी सकाळी फोन. एका रविवारी आई म्हणाली, "अरे, रात्रभर खोकतात." मी म्हटलं, हवा बदललीय. पुढे कधीतरी, चपलेचा पट्टा घट्ट होतो. मी म्हटलं, नवी घ्या. मग, मंडईपर्यंत जायला दोनदा थांबतात. वय झालं. मग, आता उशाला तीन उशा लागतात. मान दुखत असेल. आणि एकदा, मध्यरात्री घुसमटल्यासारखं होऊन उठले, खिडकीपाशी जाऊन बसले. अ‍ॅसिडिटी!

एक मोठा, तीन छोटे. सगळे फोनवर, कुठल्याही तपासणीशिवाय. ऑफिसात पाच तक्रारी एकाच सिस्टीमच्या आल्या असत्या तर मी आधी त्या एकत्र मांडल्या असत्या. घरी मात्र एकेक तक्रार आली तशी बंद करून टाकली.

निदान डॉक्टरांनीच करायचं, इको काढायचा, त्यात दुमत नाही. पण डॉक्टरांपर्यंत जायचं कधी, हे घरच्यांनाच कळावं लागतं. आज त्याला अर्थही आहे, कारण १९८७ मध्ये एनॅलाप्रिलने गंभीर रुग्णांचे मृत्यू कमी होतात हे सिद्ध झालं आणि त्यानंतर अशी औषधं वाढतच गेली. अण्णांना ती वेळेत मिळाली. त्याचं श्रेय माझं नाही. आईने न विचारता त्यांना रिक्षात घातलं म्हणून.

असो. अण्णा रोज सकाळी वजन करून वहीत लिहितात आणि लोणचं बंद केल्याबद्दल सगळ्यांवर चिडतात. मी आता रविवारी फोनवर 'कसे आहात' विचारत नाही, कारण त्याचं उत्तर 'बरा आहे' हेच येतं. मी विचारतो, काल उशा किती घेतल्या?

काल एकच होती.