तळटीप १४ : कच्चा लेआउट

१४. कच्चा लेआउट : जमिनीचे प्लॉट पाडण्यासाठी मंजुरीला दिलेला पहिला रेखांकन-नकाशा. येरवड्यातील जमिनीसाठी तो पुणे महापालिकेकडे दाखल होतो. परवानगीचा आधार महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. तपशील २०२० च्या एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीत आहेत. प्रमाण किमान १:५००. चार हेक्टर व त्यापुढील जागेला १:१००० चालते. नकाशावर उत्तर दिशा, जुने-नवे रस्ते रुंदीसह, प्रत्येक प्लॉटची मापे, नाले, सांडपाण्याच्या आणि विजेच्या लाइनी, शिवाय क्षेत्रफळाचा तक्ता हवा. मुळा-मुठेकाठच्या जागेत निळी व लाल पूररेषा कळीच्या ठरतात : निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मज्जाव, दोन्ही रेषांमध्ये निर्बंध. जागा ०.४ हेक्टर वा अधिक असल्यास दहा टक्के खुली जागा सोडावी लागते. तात्पुरत्या मंजुरीनंतर भूमी अभिलेख खात्याकडून प्रत्यक्ष मोजणी होते आणि तिच्याशी जुळणाऱ्या नकाशालाच अंतिम शिक्का मिळतो. मंजुरीविना गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन म्हणजे गुंठेवारी. तिच्या नियमितीकरणासाठी २००१ चा स्वतंत्र अधिनियम आहे. — संपा.