रात्रपाळीचा अदृश्य सेवक

भिलाईच्या वैशाली नगरात राहणाऱ्या माणसाला रात्रपाळीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी सुरू झाली. अशी भट्टी रोज रात्री विझवता येत नाही; गाव झोपले तरी कोणीतरी जागे राहावेच लागते. संगणकांच्या जगातही रात्रपाळीचा असाच एक सेवक आहे. त्याचे नाव क्रॉन. काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ते पडले.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या युनिक्स प्रणालीची सातवी आवृत्ती १९७९ साली बाहेर आली. तिच्यातला क्रॉन अगदी साधा होता. दर मिनिटाला तो जागा होई, एक तक्ता वाची, त्या मिनिटाचे काम असल्यास ते सुरू करी आणि पुन्हा झोपी जाई. तक्ता साऱ्या यंत्राला मिळून एकच, आणि तोही व्यवस्थापकाच्या ताब्यात. पर्ड्यू विद्यापीठात एका यंत्राच्या शंभर वापरणाऱ्यांना हा अधिकार देऊन पाहिला, तेव्हा शंभर तक्ते चाळता चाळता यंत्रच थकू लागले. मग रॉबर्ट ब्राउन यांनी येणारी कामे वेळेच्या क्रमाने लावून ठेवली, म्हणजे पुढच्या कामाची घटका भरेपर्यंत सेवकाने निश्चिंत झोपावे. कचेरीतला जाणता कारकून तारीखवार कागद लावून ठेवतो, तो याहून निराळे काय करतो?

पडद्याआड राबणाऱ्या अशा सेवकांना इंग्रजीत ‘डीमन’ म्हणतात. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने कल्पिलेल्या, अणुरेणू निवडीत बसणाऱ्या जीवावरून १९६३ च्या सुमारास एमआयटीतील संशोधकांनी हे नाव उचलले. मराठी माणसाला मात्र येथे कामाला जुंपलेला वेताळच आठवेल.

या वेताळाच्या जातीशी भारताचा एक ऋणानुबंध आहे. १९८६ साली केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने, संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे साहाय्य घेऊन, अर्नेट हे शैक्षणिक संगणकजाळे हाती घेतले. १९८६-८७ मध्ये मुंबईत जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात साध्या टेलिफोनवरून संगणकपत्रे जाऊ-येऊ लागली. एनसीएसटीचे प्रमुख डॉ. श्रीनिवासन रमणी यांचा पुढे २०१४ साली ‘इंटरनेट हॉल ऑफ फेम’मध्ये समावेश झाला, त्याचे मूळ या कामात आहे.

त्यासाठी वापरलेली यूयूसीपी ही पद्धत म्हणजे निव्वळ टपालखाते होते. पत्र लिहिले की ते लगेच जात नसे. थैलीत पडून राही. नेमलेली वेळ झाली की यंत्र दुसऱ्या यंत्राला टेलिफोन लावी, थैल्यांची अदलाबदल होई आणि फोन ठेवला जाई. जगात बहुतेक ठिकाणी ही नेमलेली वेळ क्रॉनच्या तक्त्यात लिहिलेली असे, आणि रात्री टेलिफोनचे दर कमी म्हणून पुष्कळदा ती रात्रीचीच असे. पत्त्यात वाटेवरच्या प्रत्येक यंत्राचे नाव क्रमाने घालावे लागे, जणू प्रत्येक डाकचौकीचा उल्लेख पाकिटावर.

या सेवकाचा दोष एकच, पण मोठा: तो चुकला तर ओरडत नाही. लाइन लागली नाही तर पत्र थैलीतच राही, आणि लिहिणारा मात्र ते पोचले असे समजून उत्तराची वाट पाही. पुढे क्रॉनने आपल्या कामाचा वृत्तांत मालकाला पत्राने कळवण्याची प्रथा पडली, परंतु तो वृत्तांत उघडून वाचणारा कोणी असेल तरच तिचा उपयोग. रात्रीची नक्कल काढण्याचे काम अनेक महिने बंद पडले आहे, हे यंत्र बिघडल्यावरच कळावे, असे प्रसंग या विद्येत नवे नाहीत.

जानेवारी १९९१ मध्ये दिल्ली आणि मुंबई यांच्यात सेकंदाला ९६०० बिटांची कायमची लाइन आली, आणि १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. पत्रांना आता रात्रीची वाट पाहावी लागत नाही. क्रॉन मात्र राहिला. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेल्या त्याच्या आवृत्तीचे वंशज आजही असंख्य यंत्रांवर राबतात. तक्त्यात अजूनही तीच पाच घरे आहेत: मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार.