बगदाद म्युझियमच्या किल्ल्या

इराकच्या राष्ट्रीय वस्तुसंग्रहालयाची लूट म्हटली की एप्रिल २००३मधली छायाचित्रं आठवतात. रिकामी काचकपाटं, जमिनीवर विखुरलेले कागद आणि डोकं धरून बसलेला एक अधिकारी. त्या लुटीचा दोष अमेरिकी लष्कराला दिला जातो आणि तो योग्यच आहे. युद्धापूर्वी, जानेवारी २००३मध्ये पुरातत्त्वज्ञांनी पेंटागॉनला जाऊन धोक्याची जाणीव करून दिली होती. मार्चमध्ये खुद्द अमेरिकी प्रशासनाने बगदादमधल्या १६ संरक्षणीय संस्थांची यादी केली. तीत म्युझियम दुसऱ्या क्रमांकावर होतं, तर तेल मंत्रालय शेवटच्या. प्रत्यक्षात तेल मंत्रालयाला पहारा मिळाला. म्युझियम १० ते १२ एप्रिल असे तीन दिवस लुटारूंच्या ताब्यात होतं आणि रणगाडे तिथे पोहोचले १६ तारखेला.

पण गोष्ट इथेच संपवली तर इराकी माणसं त्यात केवळ लुटणारी आणि रडणारी म्हणूनच उरतात. ते खरं नाही. हे म्युझियम किती वाचलं आणि किती गेलं, याचा निकाल बराचसा आधीच लागला होता. तो पगार, नोंदवह्या आणि किल्ल्या यांनी लावला होता.

तेरा वर्षांची उपासमार

या संस्थेचा पाया गर्ट्रूड बेल या ब्रिटिश अधिकारी बाईंनी घातला. १९२६ साली म्युझियम रीतसर सुरू झालं आणि १९६६मध्ये आजच्या मोठ्या इमारतीत आलं. सुमेर, अक्कद, बाबिलोन, असिरिया आणि पुढे अब्बासी काळ असा हजारो वर्षांचा ऐवज तिथे एका छताखाली होता.

ऑगस्ट १९९०मध्ये कुवेतवरच्या स्वारीनंतर इराकवर आंतरराष्ट्रीय निर्बंध लादले गेले. १९९१च्या युद्धात म्युझियम बंद झालं, ते जनतेसाठी उघडलं थेट २०००मध्ये. युद्धानंतरच्या बंडाळीत प्रांतोप्रांतीची संग्रहालयं लुटली गेली आणि हजारो वस्तू गेल्या. दिनार कोसळला. सरकारी नोकराचा महिन्याचा पगार जेमतेम काही डॉलरवर आला. छायाचित्रणाचं सामान, जतनाची रसायनं, संगणक मिळणं दुरापास्त झालं.

याचा सर्वांत मोठा फटका नोंदींना बसला. उत्खननातून आलेला माल कोठारात साचत राहिला. त्याची पूर्ण यादी कधी झालीच नाही. म्हणूनच लुटीनंतर जगभर एक लाख सत्तर हजार वस्तू गेल्याच्या बातम्या झळकल्या. तो आकडा चुकीचा होता. पुढच्या तपासात तो पंधरा हजारांच्या आसपास आला. पण पहिल्या आठवड्यांत नेमका आकडा सांगणार कोण? ज्या घराची यादीच नाही, तिथे चोरी किती झाली हे मालकालाही सांगता येत नाही. चोरलेली वस्तू बाजारात दिसली तरी ती आपलीच, हे सिद्ध कशाने करायचं?

शपथ आणि चोरवाट

पैसा नव्हता, पण १९९१चा अनुभव होता. युद्धाचे ढग दिसताच कर्मचाऱ्यांनी दालनांतल्या काचकपाटांतल्या ८,३६६ वस्तू पेट्यांत भरून एका गुप्त जागी हलवल्या. जागा ठाऊक असलेल्या मोजक्या अधिकाऱ्यांनी ती कोणालाही न सांगण्याची कुराणावर शपथ घेतली. अमेरिकी तपास पथक आल्यावरही त्यांनी अनेक आठवडे तोंड उघडलं नाही. जूनमध्ये पेट्या उघडल्या तेव्हा त्या शाबूत होत्या. जड शिल्पांना फोम आणि वाळूच्या पोत्यांचा आधार दिला होता. निमरूदचं सोनं तर १९९०पासूनच मध्यवर्ती बँकेच्या तिजोरीत होतं. तळघरात पाणी भरलं होतं. ते उपसल्यावर तेही सुखरूप निघालं.

या वस्तूंमध्ये इस्लामपूर्व देवदेवतांच्या मूर्ती होत्या. त्या वाचवण्यासाठी कुराणावर हात ठेवणाऱ्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. त्यांच्या दृष्टीने ती अमानत होती. त्यांच्यासोबत काम करणारे संशोधन विभागाचे प्रमुख डॉनी जॉर्ज हे असिरियन ख्रिस्ती होते. मुस्लिमांना इस्लामपूर्व वारशाचं सोयरसुतक नसतं, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी ही नोंदही वाचावी.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुख्य दालनांतून चाळीसच्या आसपास वस्तू गेल्या. त्यात पाच हजार वर्षं जुना वारकाचा कलश होता. सर्वाधिक वस्तू गेल्या त्या तळघरातून. तिथून दंडगोलाकार मुद्राच पाच हजारांच्या घरात गेल्या. तिथला दरवाजा विटांनी बुजवलेला होता आणि कपाटांच्या किल्ल्या इमारतीत दुसरीकडे लपवल्या होत्या. चोरांना दोन्ही माहीत होतं. म्हणजे आतल्या माहितीशिवाय हे शक्य नव्हतं, असा निष्कर्ष तपासप्रमुख कर्नल मॅथ्यू बोगडॅनोस यांनी काढला. वीज नव्हती. चोरांनी फोम पेटवून उजेड केला आणि त्या धुरात किल्ल्या हातातून पडल्या, त्या सापडल्याच नाहीत. कपाटांतली हजारो सोन्याचांदीची नाणी त्यामुळे बचावली. म्युझियमचा अमूल्य ठेवा त्या रात्री केवळ नशिबावर तरला.

एकाच संस्थेत शपथ पाळणारे होते आणि कोणीतरी वाट दाखवणाराही होता. माणसांच्या सचोटीवर विश्वास ठेवावाच लागतो. पण किल्ली कोणाकडे, तिची नोंद कुठे, एकट्याला कोठारात जाता येतं का, हे नियम त्या विश्वासाच्या जोडीला लागतात.

लुटीनंतरचा हिशेब

परत करणाऱ्यांना शिक्षा होणार नाही, असं जाहीर झाल्यावर बऱ्याच वस्तू आल्या. जून २००३मध्ये वारकाचा कलश तुकड्यांत का होईना, मोटारीच्या डिकीतून परत आला. जगभरातून मदतीच्या घोषणा झाल्या. पण घोषणा एकदाच होते, पगार दर महिन्याला द्यावा लागतो. २००६मध्ये पुरातत्त्व मंडळाचे अध्यक्ष असलेल्या डॉनी जॉर्ज यांनी म्युझियमची दारं काँक्रीटने बंद केली आणि ऑगस्टमध्ये देश सोडला. तेव्हा उत्खननस्थळांवरच्या सुमारे १,४०० रक्षकांच्या पगारासाठी सप्टेंबरनंतर पैसाच उरणार नव्हता. २०११मध्ये परदेशातच त्यांचं निधन झालं.

म्युझियम जनतेसाठी पुन्हा उघडलं ते २८ फेब्रुवारी २०१५ला. मोसूलच्या संग्रहालयातली शिल्पं फोडतानाची आयसिसची चित्रफीत त्याच्या दोनच दिवस आधी जगाने पाहिली होती. इराकने त्याला दारं उघडून उत्तर दिलं. हजारो वस्तू मात्र अजून परतलेल्या नाहीत.

वारशाचा अभिमान मिरवायला फारसा खर्च येत नाही. सरकारला पैसा मोजावा लागतो तो रखवालदाराच्या पगारासाठी, नोंदणी करणाऱ्या कारकुनासाठी आणि कुलपांसाठी. बगदादमध्ये हा खर्च तेरा वर्षं झाला नाही. त्याची किंमत पुढे तीन दिवसांत वसूल झाली.