रक्ताची बखर

आमच्या कॅम्प पाचमध्ये पत्ता सांगण्याची एक रीत आहे. गल्लीचे नाव मागाहून. आधी बरॅकचा आकडा. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी उभारलेल्या या बरॅकींत १९४७ नंतर सिंधमधून आलेली कुटुंबे उतरली, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी कल्याणच्या त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. बरॅकी बहुतेक गेल्या, आकडे राहिले. ‘निर्वासित’ हा शब्दही राहिला.

आमचे शेजारी दादा शिकारपुराहून आईच्या कडेवर बसून आलेले. परवा त्यांच्या नातवाने घरबसल्या वंश सांगणारी डीएनए चाचणी मागवली. नळीत थुंकी भरून पाठवायची. काही आठवड्यांनी टक्केवारीचा कागद येतो. तो कागद घेऊन दादा माझ्याकडे आले. म्हणाले, “मास्तर, सगळा जन्म इथे गेला, तरी लोक विचारतात मूळचे कुठले. यात काय लिहिलंय ते सांगा.”

विज्ञान मी मॅट्रिकपुरतेच शिकलो. परंतु प्रश्न इतिहासाचा होता, म्हणून वाचू लागलो.

पहिली गोष्ट कळली ती ही, की ते टक्के म्हणजे काही कुलवृत्तान्त नव्हे. थुंकीतल्या पेशींमधील डीएनएची काही लाख ठिकाणे तपासतात आणि आजच्या निरनिराळ्या प्रदेशांतील माणसांच्या नमुन्यांशी ताडून पाहतात. नमुने वाढले की टक्केही बदलतात. शिवाय आपला कुलवृत्तान्त बापाच्या एकाच वाटेने जातो. प्रत्यक्षात आईबाप दोन, आजीआजोबा चार. दहाव्या पिढीला १,०२४ आणि विसाव्या पिढीला दहा लाखांवर पूर्वज भरतात. आमच्या कॅम्पाजवळच अंबरनाथचे शिवालय आहे, शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे. तिथपर्यंत पस्तीस पिढ्या धरल्या तर हा आकडा आजच्या जगाच्या लोकसंख्येपलीकडे जातो. तेव्हा जगात इतकी माणसे नव्हतीच. याचा अर्थ एवढाच, की तीच ती माणसे यादीत पुन्हा पुन्हा येतात, आणि तुमची व माझी यादी कुठेतरी एक होते.

किती मागे? १९८७ साली रिबेका कॅन, मार्क स्टोनकिंग आणि ॲलन विल्सन यांनी फक्त आईकडून मुलांना मिळणारा डीएनए १४७ जणांत तपासला. साऱ्या धाग्यांचे टोक सुमारे दोन लाख वर्षांपूर्वीच्या, बहुधा आफ्रिकेतील, एका स्त्रीपाशी पोचले. ती काही त्या काळची एकटीच स्त्री नव्हती. बाकीच्यांची लेकीकडून लेकीकडे जाणारी परंपरा मध्येच कुठेतरी तुटली, इतकेच.

आता आपल्या घराकडे येऊ. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील लालजी सिंग व थंगराज यांनी परदेशी सहकाऱ्यांसह २००९ मध्ये दाखविले, की आजचे बहुतेक भारतीय दोन प्राचीन प्रवाहांच्या मिश्रणातून झाले आहेत. २०१३ मध्ये काळही मोजला गेला: सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वी हे प्रवाह जोराने मिसळत होते, आणि पुढे जातीतल्या जातीत लग्ने रूढ होऊन ती सरमिसळ आटली. मला डॉ. आंबेडकर आठवले. १९१६ साली, पंचविशीत, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी हेच मांडले होते, की भारतातील लोक मिश्र वंशाचे आहेत आणि जातीचे मर्म बेटीबंदीत आहे. हाती ना नळी होती, ना यंत्र.

आणि २०१९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे व त्यांचे सहकारी यांनी हरियाणातील राखीगढीच्या एका स्त्रीच्या सांगाड्यातील डीएनए प्रसिद्ध केला. सिंधू संस्कृतीतील ती बाई. तिच्यात गवताळ प्रदेशातून नंतर आलेल्या लोकांचा अंश नाही. परंतु तिच्यासारख्या लोकांचा वारसा आज दक्षिण आशियातील बहुतेकांत सर्वांत मोठा आहे. म्हणजे सिंधूकाठचा वारसा दादांपाशी आहे, तसाच तो माझ्यापाशीही असणार. मात्र फाळणीत घर सोडावे लागले ते दादांना.

दर जूनला प्रवेशाच्या वेळी मी रजिस्टरात मुलांची जात लिहितो. ती लिहावीच लागेल. अन्याय नोंदल्यावाचून त्याचे निवारण होत नाही. परंतु ती थुंकीतून आलेली नाही, आपण घातलेल्या बंदीतून आली आहे, एवढे तो रकाना भरताना आता मनात असते.

हे सारे दादांना सांगितले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि हसून विचारले, “म्हणजे मास्तर, आपण सगळेच आफ्रिकेहून आलेलो. मग तुमचा बरॅक नंबर कुठला?”