गलीपर्यंतची ओळ

आज ज्या खेळाविषयी चार गोष्टी सांगायच्या आहेत, त्याचे नाव गोल्फ. शिवनेरीच्या पायथ्यापासून त्याचे मैदान गाठायचे तर पुण्याला येरवड्यापर्यंत जावे लागेल, म्हणजे नव्वदेक किलोमीटरची रपेट झाली. साहेबांचा खेळ, पैसेवाल्यांचा खेळ अशी त्याची ख्याती आहे आणि ती खोटीही नाही. मग नारायणगाव, मंचर, घोडेगावकडच्या माणसाने त्याचा इतिहास कशाला ऐकावा? तर या खेळाचा जो शेवटचा आणि सर्वांत कठीण भाग आहे, तो आपल्याकडचे प्रत्येक पोर खेळत आले आहे. जमिनीत एक खळगी. तिला कुठे गल म्हणतात, कुठे गल्ली म्हणतात. लांबून जमिनीवरून गोटी सोडायची आणि ती त्या गलीत पडली पाहिजे. एवढेच. या एवढ्याशा गोष्टीवर स्कॉटलंडपासून अमेरिकेपर्यंतची मोठमोठी माणसे हैराण झाली आहेत.

गोल्फमध्ये अठरा गली असतात. पहिला टोला दोनदोनशे मीटर जातो, बघणारे वाहवा करतात. पण चेंडू गलीच्या आसपासच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर आला, की तिथून तो फटकवायचा नसतो, हलकेच ढकलायचा असतो. याला पटिंग म्हणतात, आणि ज्या चपट्या तोंडाच्या काठीने ढकलायचा तिला पटर. आता हिशेब पाहा. दोनशे मीटरच्या टोल्याचा एक आणि वीतभर ढकलण्याचाही एकच. चांगल्या खेळाडूने साधारण ७२ टोल्यांत अठरा गली पुऱ्या कराव्यात असा दंडक धरतात, आणि त्यांपैकी ३६, म्हणजे बरोबर निम्मे, या ढकलण्यासाठी गृहीत धरलेले असतात. कमाई खळ्यावर आली आणि माप घालताना सांडली, तशी इथे गत होते.

या खेळाचे सर्वांत जुने लेखी नियम १७४४ सालचे, एडिंबरोजवळच्या लीथ गावचे. एकंदर तेरा कलमे. पहिल्याच कलमात असे आहे की, पुढच्या गलीसाठी चेंडू मांडायचा तो आधीच्या गलीपासून एका काठीच्या अंतरात. म्हणजे ज्या जागी आज माणसे अनवाणी मांजराच्या पावलाने चालतील, त्याच जागी तेव्हा लोक जोरजोरात टोले हाणीत आणि ढेकळे उडवीत! गलीचे तोंडही ठरलेले नव्हते. खेळून खेळून ते झिजायचे, मोठे व्हायचे; आपल्या अंगणातल्या गलीचे होते तसेच. १८२९ साली मसलबर्ग येथे गल कापण्याचे एक लोखंडी साधन आले आणि १८९१ साली सेंट अँड्र्यूजच्या मंडळाने गलीचा व्यास सव्वाचार इंच, म्हणजे १०८ मिलिमीटर, असा कायम केला. योगायोग असा की त्याच १८२९ साली कलकत्त्यास गोल्फचा क्लब निघाला. ब्रिटनच्या बाहेरचा तो सर्वांत जुना. मुंबईचा क्लब १८४२ चा.

१०८ मिलिमीटर म्हणजे एखाद्या तांब्याच्या तोंडाएवढी गल. चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा. ऐकायला सोपे वाटते. शिक्षकमंडळींनी हे गणित फळ्यावर करून पाहावे. चेंडू तीन मीटरवर आहे. तो अगदी मंद होत होत गलीच्या काठाशी पोहोचला, तर त्याचा मध्य गलीच्या तोंडात आला की पुरे. म्हणजे गलीच्या मध्यापासून डावीकडे ५४ आणि उजवीकडे ५४ मिलिमीटर एवढी चूक माफ. कोनात सांगायचे तर एक अंश. घड्याळाच्या तबकडीवर एका मिनिटाची जागा सहा अंशांची असते, तिचा सहावा हिस्सा! सहा मीटरवरून तर अर्धाच अंश उरतो. आकाशातले पूर्ण चंद्रबिंब आपल्या डोळ्याला अर्ध्या अंशाचे दिसते. सहा मीटरवरून पटरचे तोंड एका चंद्राएवढे फिरले, की चेंडू काठाला जाऊन बसला. आणि चेंडू कोणीकडे निघणार हे बहुतांशी त्या तोंडावरच ठरते. हात कसा आला याचा भाग थोडा.

अर्ध्या अंशाचा नेम म्हटले की जुन्नर तालुक्याला खोडदची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तिथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने गोविंद स्वरूप यांच्या योजनेप्रमाणे तारेच्या जाळीच्या ४५ मीटर रुंद अशा ३० तबकड्या उभ्या केल्या; चौदा मधल्या चौकात आणि सोळा तीन बाजूंना लांबवर. २००२ पासून साऱ्या जगाचे शास्त्रज्ञ त्या वापरतात. त्यांतली एक तबकडी २१ सेंटिमीटरच्या लहरीवर आकाशाचा जो तुकडा एका वेळी न्याहाळते, तो चंद्रबिंबाहूनही थोडा लहान असतो. तेव्हा शेकडो क्विंटलचा तो डोलारा चंद्राएवढ्या फटीतून नेम धरतो. पण माझ्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. ही तबकडी स्वतःच्या नेमावर आंधळा विश्वास ठेवीत नाही. ज्याची आकाशातली जागा पक्की ठाऊक आहे अशा एखाद्या ठळक स्रोताकडे ती आधी वळवतात, किती चुकते ते मोजतात आणि तेवढी दुरुस्ती हिशेबात घेतात. गोल्फ खेळणारे बहुतेक लोक नेमके हेच करीत नाहीत. आपला नेम डावीकडे जातो की उजवीकडे, हे न मोजताच ते वर्षानुवर्षे ढकलत राहतात.

नेम चुकतो तो का? याचे उत्तर गोट्या खेळणाऱ्या पोराकडे पाहून मिळते. ते पोर जमिनीला अंगठा टेकते, गोटी मधल्या बोटाशी धरून बोट धनुष्यासारखे मागे ओढते आणि मान खाली घालते. त्याचे तोंड गलीकडे, छाती गलीकडे, दोन्ही डोळे ओळीच्या मागे. बंदुकीवाला असाच उभा राहतो, तिरंदाजही डोळा बाणाच्या मागे आणतो. गोल्फवाल्याला हे सुख नाही. त्याला ओळीच्या बाजूला उभे राहायचे असते. चेंडू पायांसमोर, गल डाव्या खांद्याच्या पलीकडे, आणि मान वळवून कलत्या डोळ्यांनी ओळ जोखायची. डोळे ओळीच्या बरोबर वर नसले, तर सरळ ओळही तिरपी भासते.

यावर माणसांनी तोडगे काढले, आणि इथून या इतिहासाला मौज येते. अमेरिकेत शेनेक्टडी गावच्या विजेच्या कारखान्यातल्या नाइट नावाच्या गृहस्थाने असा पटर केला, की त्याचा दांडा कडेला न जोडता जवळजवळ मध्यावर जोडला. तो घेऊन वॉल्टर ट्रॅव्हिस हा अमेरिकन १९०४ साली इंग्लंडला गेला आणि तिथली हौशी खेळाडूंची अजिंक्यपदाची स्पर्धा जिंकून आला. यजमानांना ते रुचले नाही, हे सांगायला नकोच. १९१० साली सेंट अँड्र्यूजने त्या धाटणीच्या पटरवर बंदी घातली; ती उठायला १९५२ साल उजाडले. पुढे सॅम स्नीड नावाच्या नामांकित खेळाडूचे हात उतारवयात पटिंगच्या वेळी थरथरू लागले. त्याने १९६६ साली सरळ गलीकडे तोंड केले, चेंडू दोन पायांच्या मध्ये घेतला आणि ढकलू लागला. म्हणजे आपल्या गोट्यांवाल्या पोराचाच पवित्रा! चेंडू जाऊ लागले. तर १९६८ पासून नियम झाला की ओळीच्या दोन बाजूंना पाय ठेवून ढकलता येणार नाही. बिचाऱ्याने मग दोन्ही पाय एका बाजूला घेतले, पण तोंड मात्र गलीकडेच ठेवले. ज्याने ओळ सरळ पाहण्याची युक्ती काढली, त्याच्यावर नियमवाल्यांचा डोळा फिरला, असेच मला यात दिसते.

पण नियमापेक्षा मोठी भिंत वेगळीच होती. दक्षिण आफ्रिकेत नाताळ प्रांतात १८६० पासून हिंदी मजूर कराराने नेले गेले. त्यांच्या वंशातला एक मुलगा डर्बनला गोऱ्यांच्या पिशव्या वाहत असे. त्याचे नाव सेवसंकर सेवगोलम. सेवसंकर म्हणजे आपला शिवशंकरच, परक्या अक्षरांत गेलेला. लोक त्याला पापवा म्हणत. शिकवायला कुणी नाही, म्हणून तो पाहून पाहून खेळू लागला. उजव्या हाताचे लोक काठी धरताना डावा हात वर आणि उजवा खाली घेतात. याने उलटे धरले आणि तसेच धरून तो हॉलंडची खुली स्पर्धा १९५९, १९६० आणि १९६४ अशी तीनदा जिंकला. १९६३ साली नाताळची खुली स्पर्धा त्याने डर्बनच्या क्लबात जिंकली. गोऱ्या खेळाडूंना हरवले, पण क्लबाच्या इमारतीत त्याला पाऊल टाकायची मुभा नव्हती. पाऊस पडत होता आणि त्याने आपला करंडक बाहेर पावसात उभे राहून घेतला. ते छायाचित्र जगभर गेले. पुढे सरकारने त्याला देशातल्या स्पर्धांतून बंद केले, पासपोर्टही काढून घेतला. १९७८ साली तो वारला. आणि आज पाहावे तर पटिंगच्या वेळी जगातले कित्येक पट्टीचे खेळाडू मुद्दाम डावा हात खाली घेतात, कारण तसे केल्याने दोन्ही खांदे समपातळीत येतात आणि पटरचे तोंड वळत नाही.

आपल्या देशात अशी बंदी कायद्याने नव्हती, पण मैदानावर कोण खेळणार आणि पिशवी कोण वाहणार हे ठरलेलेच होते. पिशवी वाहणाऱ्या पोरांना कॅडी म्हणतात. हिरवळीचा उतार कुणीकडे आहे, दव पडल्यावर चेंडू कसा चालतो, हे ती पोरे मालकापेक्षा जास्त जाणत. त्यांना विचारूनच मालक नेम धरी. त्यांच्यातूनच वर आलेला दिल्लीचा अली शेर १९९१ साली भारताची खुली स्पर्धा जिंकला. ती जिंकणारा तो पहिला भारतीय व्यावसायिक खेळाडू. कलकत्त्याचा शिवशंकर प्रसाद चौरासिया हा तर मैदानाचे गवत राखणाऱ्या माळ्याचा मुलगा. त्याने तीच स्पर्धा २०१६ आणि २०१७ अशी लागोपाठ जिंकली, आणि जिंकली ती मुख्यतः गलीजवळच्या हातावर. मराठी माणसांत उदयन माने २०२१ साली तोक्योच्या ऑलिम्पिकमध्ये भारतातर्फे खेळला.

उताराचे नाव निघाले म्हणून सांगतो. या बाबतीत आंबेगावचा शेतकरी कुठल्याही साहेबाला शिकवील. कांद्याच्या वाफ्याला पाणी देणारा माणूस जमीन बघत नाही, पाणी कुठे झुकते ते बघतो. चेंडूही पाण्यासारखाच झुकतो, आणि वेग कमी होईल तसा अधिक झुकतो. म्हणून गलीजवळचा उतार जास्त मोजायचा. मग नेम गलीवर धरायचाच नाही. चढाच्या बाजूला एक जागा मनाशी ठरवायची आणि चेंडू सरळ तिच्याकडे सोडायचा, बाकीचे काम उतार करतो. ही सरळ ओळ कशी धरायची, तेही पेरणाऱ्याला ठाऊक आहे. पाभरीचा पहिला तास घालताना तो पलीकडच्या बांधावरच्या झाडावर नजर ठेवतो. गोल्फवाला चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावरची एखादी गवताची काडी हेरतो आणि पटर तिच्याशी लावतो, कारण जवळच्या खुणेशी तोंड जुळवणे लांबच्या गलीशी जुळवण्यापेक्षा सोपे. काही जण पटर दोन बोटांत लोंबता धरून गवंड्याच्या ओळंब्यासारखा एका डोळ्याने पाहतात. चेंडूवर शाईने रेघ ओढून ती ओळीवर मांडणे तर आता सर्रास चालते.

आणि डोळा? अर्जुनाची आणि पोपटाची गोष्ट आपण शाळेत सांगतो. अर्जुनाला फक्त लक्ष्य दिसत होते. इथे मात्र गंमत उलटी आहे. कॅनडातल्या जोन व्हिकर्स या विदुषीने १९९२ साली खेळाडूंच्या डोळ्यांची हालचाल मोजली. चांगले पटिंग करणाऱ्याची नजर ढकलण्याआधी चेंडूवर स्थिर होते आणि चेंडू गेल्यावरही क्षणभर तिथेच राहते. कच्च्या खेळाडूची नजर गल, चेंडू, काठी अशी भिरभिरत असते. लक्ष्य आधी पाहून घ्यायचे आणि मग सोडून द्यायचे. अर्थात अर्जुनाच्या पक्षालाही साक्षीदार आहे. अमेरिकेचा जॉर्डन स्पीथ २०१५ साली दोन मोठी अजिंक्यपदे जिंकला, तेव्हा जवळचे चेंडू तो गलीकडे पाहतच ढकलीत असे.

शाळेच्या अंगणात हे सारे करून पाहायला पटर लागत नाही. सपाट, सारवलेली जागा घ्या. १०८ मिलिमीटरची गल खणा, तीन मीटरवर खूण करा. लाकडाच्या एका सरळ फळकुटाला मूठ बसवा आणि रबरी चेंडू घ्या. पहिल्यांदा मुलांना दहा दहा चेंडू ढकलू द्या. किती पडले आणि चुकलेले कोणत्या बाजूला गेले, दोन्ही आकडे लिहा. मग खुणेपासून गलीपर्यंत दोन खिळ्यांना सुतळी ताणा, चेंडूच्या थोडी वर. उभे राहिल्यावर नाकाच्या शेंड्यापासून बारीक खडा सोडायचा; तो सुतळीवर पडला तर डोळे ओळीवर आहेत, पलीकडे किंवा पायांकडे पडला तर पाय सरकवायचे. चेंडूच्या पुढे वीतभर अंतरावर दोन काड्या रोवा, मध्ये चेंडू जेमतेम जाईल एवढी फट ठेवा. आठवडाभर मधल्या सुट्टीत मुले काड्यांमधून चेंडू सोडोत. नंतर सुतळी काढा, काड्या उपटा, पुन्हा दहा चेंडू द्या आणि नवे आकडे जुन्या आकड्यांच्या शेजारी लिहा.