कोल्हापूरची बाजारपेठ आणि उपाहारगृहे : एक सामाजिक-ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना

एखाद्या प्रदेशाचा इतिहास सनदा, किल्ले आणि राजवाडे यांच्या आधारे लिहिण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. तो बाजारातील ओट्यांवरून आणि खाणावळीतील पंगतीवरूनही वाचता येतो, याकडे मात्र तुलनेने कमी लक्ष दिले गेले. बाजारपेठ आणि उपाहारगृह या दोन संस्था एकमेकींना लागून उभ्या असतात. शेतकरी माल घेऊन येतो तो बाजारात आणि भूक भागवतो ती शेजारच्या खाणावळीत. तरीही या दोन संस्थांचे सामाजिक नियम एकच नव्हते. बाजाराने ज्याचे धान्य स्वीकारले त्या माणसाला उपाहारगृहाने आत बसू दिलेच असे नाही. कच्चे धान्य हातोहात फिरू शकत होते. शिजवलेले अन्न आणि पाणी यांना मात्र जातीचे कुंपण होते. हे कुंपण कोल्हापूर परिसरात कसे होते आणि ते ओलांडण्याचा प्रयत्न कोणत्या मार्गाने झाला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

भौगोलिक पार्श्वभूमी आणि आठवडे बाजार

कोल्हापूर हे देश, कोकण आणि कर्नाटक यांच्या सांध्यावर वसलेले नगर आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेस राधानगरी, भुदरगड, आजरा, शाहूवाडी हा अतिपावसाचा डोंगराळ पट्टा असून तेथे भात व नाचणी पिकते. पूर्वेकडील शिरोळ व हातकणंगले भागात ज्वारी, भुईमूग, भाजीपाला आणि पुढे ऊस यांचे क्षेत्र मोठे आहे. घाटवाटांनी कोकणातून नारळ, कोकम व सुकी मासळी येई. दक्षिणेकडून संकेश्वरी आणि ब्याडगी या जातींची मिरची येई.

या देवाणघेवाणीचे मूळ स्थान म्हणजे आठवडे बाजार. ठरलेल्या वारी परिसरातील खेडी एका गावी जमत. धान्य, भाजी, जनावरे, घोंगड्या, चपला, मडकी यांची खरेदी-विक्री होई. सोयरिकीच्या गोष्टी निघत आणि गावोगावच्या बातम्या पसरत. बलुतेदारीत गावगाड्यातील सेवेचा मोबदला धान्यरूपाने मिळे. बाजारात मात्र वस्तूला दाम होते. या अर्थाने बाजार हा गावगाड्यापेक्षा मोकळा होता. पण तो पूर्णपणे समतेचा होता असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. बसण्याच्या जागा जातीनुसार वाटलेल्या असत. अस्पृश्य मानलेल्या विक्रेत्याला कडेची जागा मिळे, आणि दूध, तूप किंवा शिजवलेला पदार्थ तो विकू शकत नसे.

शाहूपुरी पेठेची स्थापना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चित्राला नवी दिशा मिळाली. १८९१ मध्ये मिरज-कोल्हापूर रेल्वेमार्ग सुरू झाला आणि कोल्हापूरचा माल दूरच्या बाजारपेठांशी जोडला गेला. १८९४ मध्ये राज्याधिकार हाती घेतल्यावर छत्रपती शाहू महाराजांनी पुढच्याच वर्षी, म्हणजे १८९५ मध्ये, रेल्वे स्थानकाजवळ शाहूपुरी ही पेठ वसविली. येथे प्रामुख्याने गुळाचा व्यापार वाढला. गुऱ्हाळघरात काहिलीत रस आटवून, गुळव्याच्या अनुभवी नजरेने पाक उतरवून तयार झालेल्या गुळाच्या रव्यांना येथे हक्काची बाजारपेठ लाभली. अडत्ये, तोलार, हमाल, गाडीवान असा नवा श्रमजीवी वर्ग शहरात स्थिर झाला. कोल्हापुरी गुळाला गुजरातेत मोठी मागणी निर्माण झाली. दिवाळी पाडव्याला मुहूर्ताचे सौदे करण्याची प्रथा आजही पाळली जाते.

पेठेच्या वाढीबरोबर एक व्यावहारिक प्रश्नही उभा राहिला. गुळाचा सौदा एका दिवसात आटोपेलच असे नसे. गाडी सोडून, बैलांना वैरण टाकून शेतकऱ्याला मुक्काम करावा लागे. घरून बांधून आणलेली शिदोरी, म्हणजे भाकरी, खर्डा आणि कांदा, पहिल्या दिवशी पुरे. दुसऱ्या दिवशी काय, या प्रश्नाच्या उत्तरात खाणावळीचा उदय दडलेला आहे.

शिदोरीपासून खाणावळीपर्यंत

परंपरेने प्रवासात शिजवलेले अन्न विकत घेणे कमीपणाचे मानले जाई. अन्न कोणी शिजविले हा प्रश्न अन्न कसे आहे या प्रश्नाच्या आधी येई. म्हणूनच सुरुवातीच्या खाणावळी बहुधा एकेका जातीच्या वा समाजाच्या असत. ब्राह्मणी खाणावळ, मराठा खाणावळ, हिंदू हॉटेल असे शब्द पाट्यांवर झळकत. आज ते शब्द चवीचे वर्णन वाटतात. त्या काळी ते कोण आत येऊ शकतो याची सूचना होते.

शाहू महाराजांच्या शैक्षणिक कार्यातही ही मर्यादा दिसते. १९०१ पासून कोल्हापुरात विद्यार्थी वसतिगृहांची चळवळ सुरू झाली. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून १९०८ मधील अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठीच्या मिस क्लार्क वसतिगृहापर्यंत विविध समाजांसाठी स्वतंत्र वसतिगृहे निघाली. खेड्यातील मुलांना शिक्षणाचे दार त्यामुळे उघडले. तरीही स्वयंपाकघर आणि पंगत ही समाजनिहायच राहिली. त्या काळी पालकांचा विश्वास संपादन करण्यासाठी हे आवश्यक होते. म्हणजेच शिक्षणाच्या क्षेत्रात जातीचे बंधन सैल करण्यासाठी भोजनाच्या क्षेत्रातील बंधन तात्पुरते मान्य करावे लागले. हा विरोधाभास लक्षात घेतला तरच पुढील घटनेचे महत्त्व समजते.

गंगाराम कांबळे यांचे उपाहारगृह

गंगाराम कांबळे हे महार समाजातील गृहस्थ दरबारच्या पागेत नोकरीस होते. सवर्ण नोकरांसाठी राखलेल्या हौदातील पाण्याला स्पर्श केल्याच्या कारणावरून त्यांना मारहाण झाली. महाराजांना हे समजल्यावर त्यांनी दोषींना शासन केले आणि गंगाराम यांना स्वतंत्र धंदा करण्यास प्रोत्साहन दिले. त्यातून भाऊसिंगजी रस्त्यावर ‘सत्यसुधारक’ हे चहाचे उपाहारगृह सुरू झाले. ही घटना महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांतील आहे.

दुकान निघाले, परंतु गिऱ्हाईक येईना. चहा करणारे हात कोणाचे आहेत हे कळताच लोक पाठ फिरवीत. येथे राजाज्ञेचा उपयोग नव्हता. रयतेने कोठे चहा प्यावा असा हुकूम काढता येत नाही, आणि काढला तरी तो पाळला जात नाही. महाराजांनी वेगळा मार्ग पत्करला. त्यांचा खडखडा दुकानासमोर थांबू लागला. ते स्वतः चहा मागवीत, आणि बरोबरच्या सरदार-अधिकाऱ्यांनाही तोच चहा देववीत. राजाने घेतलेला चहा नाकारणे बरोबरच्या मंडळींना अवघड होते, आणि त्यांनी घेतलेला चहा शहराने पाहिला होता.

या प्रसंगाकडे बहुधा राजाच्या औदार्याची कथा म्हणून पाहिले जाते. तिचा आर्थिक आशय अधिक मूलगामी आहे. गावगाड्यात महाराला मिळणारी भाकरी हा त्याच्या सेवेचा मोबदला असला तरी ती दारोदार मागून, पदर वा घोंगडी पसरून घ्यावी लागे. १९१८ मध्ये महाराजांनी महार वतने रद्द करून जमिनी रयतावा केल्या, त्यामागेही या पिढीजात बांधिलकीतून मुक्तता देण्याचाच हेतू होता. ‘सत्यसुधारक’मध्ये हे नाते उलटे झाले. कालपर्यंत जो उरलेले अन्न घेत होता तो आता ताजा चहा विकत होता, आणि पैसे मोजणारा सवर्ण त्याचा गिऱ्हाईक होता. दात्याची जागा खरेदीदाराने घेतली. बाजारातील वस्तूला असलेला दाम प्रथमच अस्पृश्याच्या हातच्या शिजवलेल्या पदार्थाला मिळाला, हे या लहानशा दुकानाचे खरे ऐतिहासिक कार्य होय.

कायद्याची मर्यादा

१९१९ मध्ये कोल्हापूर दरबाराने सार्वजनिक पाणवठे, शाळा, दवाखाने व सरकारी इमारती येथे अस्पृश्यता पाळू नये असे आदेश काढले. मार्च १९२० मध्ये माणगाव येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली आणि महाराज तिला उपस्थित राहिले. ब्रिटिश मुलखात ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने अस्पृश्यांना खुले करण्याची शिफारस त्यात होती.

या आदेशांत आणि ठरावांत एक समान सूत्र आहे. ज्या जागा सरकारी वा सार्वजनिक निधीतून उभ्या होत्या त्यांच्यापुरताच त्यांचा आवाका होता. चहाचे दुकान व खाणावळ हा खाजगी धंदा असल्याने त्याबाहेर राहिला. परिणामी शाळेत शेजारी बसणारी दोन मुले बाजारात गेल्यावर वेगळी होत. एक बाकावर बसून बशीतून चहा पिई. दुसऱ्याला दाराबाहेर, त्याच्यासाठी वेगळ्या ठेवलेल्या कपातून चहा मिळे, आणि तो कप त्यालाच विसळून ठेवावा लागे. महाराष्ट्रातील अनेक गावांत ही वेगळ्या कपबशीची प्रथा दीर्घकाळ टिकली.

१ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५० मध्ये अंमलात आलेल्या भारतीय राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदात दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले येथे जातीच्या कारणावरून प्रवेश नाकारता येणार नाही, असे स्पष्ट म्हटले आहे. समानतेच्या मूलभूत हक्कांत उपाहारगृहाचा नामनिर्देश व्हावा, यातच त्या जागेच्या सामाजिक महत्त्वाची कबुली आहे. १९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) अधिनियमाने त्यापुढे जाऊन उपाहारगृहातील भांड्यांच्या वापरास मनाई करणे हाही गुन्हा ठरविला. वेगळी कपबशी अशा रीतीने कायद्याच्या कक्षेत आली.

स्वातंत्र्योत्तर काळातील बदल

बाजाराचे स्वरूपही या काळात पालटले. १९३९ च्या मुंबई कृषी उत्पन्न बाजार कायद्याने आणि पुढे १९६३ च्या महाराष्ट्र अधिनियमाने नियंत्रित बाजाराची व्यवस्था दृढ केली. रुमालाखाली बोटे धरून होणाऱ्या गुप्त सौद्याऐवजी उघड लिलाव हे तत्त्व ठरले. शेतकऱ्याला आपल्या मालाचा भाव कानांनी ऐकता येऊ लागला. गुळाचे सौदे शाहूपुरीतून श्री शाहू मार्केट यार्डात गेले. १९५० च्या दशकापासून सहकारी साखर कारखाने वाढले आणि गुऱ्हाळांची संख्या घटत गेली. २०१४ मध्ये कोल्हापुरी गुळाला आणि २०१६ मध्ये आजरा घनसाळ तांदळाला भौगोलिक मानांकन मिळाले. २०१६ मध्येच फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त झाला आणि शेतकऱ्याने थेट ग्राहकाला माल विकण्याच्या बाजारांना चालना मिळाली. आठवडे बाजाराचे मूळ तत्त्वच येथे नव्या रूपात परतले असे म्हणता येईल.

खाणावळींनी या मालाला चवीचे रूप दिले. तांबडा रस्सा हा उन्हाळ्यात डंकावर कांडून घेतलेल्या कांदा-लसूण चटणीवर उभा असतो, आणि तिच्यातील मिरची दक्षिणेकडील बाजारातून येते. पांढऱ्या रश्शात मटणाच्या अळणी पाण्याला तीळ-खसखशीचे वाटण आणि नारळाचे दूध मिळते. नारळ कोकणातून घाट चढून येतो. ताटात देश, कोकण व कर्नाटक यांचा संगम होतो तो बाजारामुळे. गंगावेशीसारख्या ठिकाणी म्हशीचे धारोष्ण दूध समोर काढून देण्याची रीतही याच प्रदेशाच्या पशुपालनाशी निगडित आहे. आज महाराष्ट्रभर हॉटेलांच्या पाट्यांवर ‘कोल्हापुरी’ हा शब्द केवळ तिखटपणाचा वाचक झाला आहे. त्यामुळे या आहारसंस्कृतीमागील भूगोल आणि समाज दोन्ही झाकले जातात.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, कोल्हापूर परिसरात बाजारपेठ आणि उपाहारगृह यांचा विकास हातात हात घालून झाला, पण त्यांतील सामाजिक मोकळेपणा एकाच वेळी आला नाही. रेल्वे आणि पेठ यांनी वस्तूंना वाट दिली. माणसाला आत बसण्याची वाट मिळण्यास अधिक काळ लागला. या मधल्या काळात हुकूम जेथे पोहोचत नव्हता तेथे गिऱ्हाईक पोहोचले, हा ‘सत्यसुधारक’चा धडा आहे. पुढे कायद्याने जे सक्तीने सांगितले ते त्या दुकानासमोर एका कप चहाने स्वेच्छेने घडवून दाखविले होते.

६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्यानंतर १९२५ मध्ये गंगाराम कांबळे यांनी आपल्या समाजबांधवांच्या साहाय्याने कोल्हापुरातील नर्सरी बागेत महाराजांचे स्मारक उभारले. शाहू महाराजांच्या आरंभीच्या स्मारकांत त्याची गणना होते. ज्याच्या हातचा चहा शहर नाकारीत होते, त्याच हातांनी शहराच्या राजाची स्मृती जपली. स्थानिक खाद्यपदार्थांना मानांकने मिळत आहेत, बाजारांचे पुनरुज्जीवन होत आहे, ही स्वागतार्ह बाब आहे. मात्र खाद्यसंस्कृतीचा वारसा सांगताना पदार्थांबरोबर पंगतीचाही इतिहास सांगितला जावा. रश्शाची कृती जतन करणे जितके आवश्यक, तितकेच तो रस्सा एका बाकावर बसून खाण्याचा हक्क कोणाला कधी आणि कसा मिळाला, हे जतन करणेही आवश्यक आहे.